व्यवसाय-व्यवस्थापनाचे शिक्षण आणि आपली मुले

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात मी दोन शब्द बोलावे असे चिटणीसांनी सुचविले, तेव्हा विषय मजवर सोपवावा अशी विनंती मी त्यांस केली. विषय ऐकून त्यांस किंचित नवल वाटले. मी १९७४ सालचा, जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन १९७७ पासून २०१६ पर्यंत प्राथमिक शाळेत पाढे, शुद्धलेखन आणि हातच्याची वजाबाकी शिकविली. एम.बी.ए.चा वर्ग मी दाराबाहेरूनही पाहिलेला नाही. मग या विषयाशी माझा संबंध काय, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न रास्तच होईल. माझा संबंध एका चुकीपुरता आहे, आणि ती प्रथम सांगून टाकलेली बरी.

गोष्ट २०२२ सालच्या मे महिन्यातील. पुणे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आपल्या ज्ञातीतील एक गृहस्थ शिलाईचे दुकान चालवितात. त्यांची थोरली कन्या चौथीपर्यंत माझी विद्यार्थिनी होती. बी.कॉम. झाल्यावर तिने पुण्यास एका कचेरीत दोन वर्षे नोकरी केली, रात्री जागून अभ्यास केला, आणि एका नामांकित व्यवस्थापन-संस्थेत तिला प्रवेश मिळाला. वडील पेढे घेऊन मजकडे आले. परंतु पुडा हाती देताना त्यांच्या मुद्रेवर आनंदापेक्षा काळजीच अधिक होती. "गुरुजी, नंबर लागला. पण जागा राखायची तर दहा दिवसांत पैसे भरायचे आहेत. बँक कर्ज देते म्हणते, पण कागद पुरे व्हायला महिना-दीड महिना लागेल. मधल्या दिवसांचं काय करू?"

मी त्यांस आपल्या विद्यार्थी-साहाय्यक निधीकडे अर्ज करण्यास सांगितले. निधीचे नियम आपणां सर्वांस परिचित आहेत. अर्ज ३१ ऑगस्टपर्यंत यावा, सोबत मागील वार्षिक परीक्षेची गुणपत्रिका असावी, आणि रक्कम डिसेंबरात याच व्यासपीठावर शाल-श्रीफळासह दिली जावी. सप्टेंबरात समितीची बैठक झाली व अर्ज वाचला गेला. एक सभासद म्हणाले, "जेथे वीस-पंचवीस लाखांचा खर्च, तेथे आपले पंधरा हजार म्हणजे दर्यामें खसखस." दुसरे म्हणाले, "दोन वर्षांत ही मुलगी लाखांनी मिळविणार. उलट तिनेच निधीस देणगी द्यावी." अर्ज नामंजूर झाला. नामंजुरीच्या बाजूने जे हात वर झाले त्यांत माझाही एक होता. तोपर्यंत वडिलांनी बायकोच्या पाटल्या सराफाकडे गहाण ठेवून दहा दिवसांची ती मुदत साधली होती. त्या पाटल्यांची हकीकत मला त्या बैठकीत ठाऊक नव्हती असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. ती मला ठाऊक होती.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी नमस्कारास आली. तिच्या बोलण्यात अर्जाचा उल्लेखही आला नाही. तिने आपल्या वर्गाच्या हकीकती सांगितल्या, आणि त्या ऐकताना माझ्या ध्यानात आले की ज्या शिक्षणासंबंधी आम्ही निर्णय दिला त्याची आम्हांपैकी एकासही कल्पना नव्हती. तेव्हापासून हे शिक्षण घेतलेल्या किंवा घेत असलेल्या आपल्या ज्ञातीतील सहा मुलामुलींशी मी प्रत्यक्ष वा दूरध्वनीवर बोललो आहे. दोघे सरकारी संस्थांतील, तिघे महाराष्ट्रातील खाजगी महाविद्यालयांतील, आणि एक परदेशी गेलेला. आज जे सांगतो ते त्यांचे आहे. चुकले असेल ते माझे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने व्यवसायाची स्वतंत्र शाळा १९०८ साली काढली, आणि पुढे १९२० च्या दशकात तेथे प्रत्यक्ष व्यवहारातील प्रसंग वर्गात चर्चेस ठेवून शिकविण्याची पद्धत रुजली. त्या प्रसंगास विद्यार्थी 'केस' म्हणतात. आपल्या देशात १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था निघाल्या. अहमदाबादेस विक्रम साराभाई व कस्तुरभाई लालभाई यांनी पुढाकार घेतला, हार्वर्डचे सहकार्य मिळविले, आणि केसची पद्धत तेथून आपल्याकडे आली. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ सालची. नागपुरास २०१५ पासून भारतीय व्यवस्थापन संस्था आहे, आणि मुंबईची १९६३ सालची 'नीटी' ही संस्था २०२३ पासून त्याच मालिकेत गणली जाते. एक गंमत सांगण्याजोगी आहे. या संस्था आरंभापासून पदवी न देता पदविकाच देत असत. पदवी देण्याचा अधिकार त्यांस २०१७ च्या कायद्याने मिळाला. आपल्या एका वधुवरसूचक मेळाव्यात अहमदाबादेहून उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या टिपणावर 'फक्त डिप्लोमा' असा शेरा कोणीतरी मारल्याचे मला स्मरते.

प्रवेशपरीक्षेसंबंधी एक गैरसमज घरोघरी आहे. 'कॅट' ही परीक्षा नोव्हेंबर महिन्यात होते. दोन तासांची, चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन भाग. पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास पदरचा एक गुण जातो. दरवर्षी दोन लाखांहून अधिक परीक्षार्थी बसतात. निकाल 'पर्सेंटाइल'मध्ये येतो, आणि आपण त्यास टक्के समजतो. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभरांपैकी नव्वद गुण नव्हेत. शंभर परीक्षार्थींपैकी सुमारे नव्वदांच्या पुढे तुमचा मुलगा आहे, एवढाच त्याचा अर्थ. आता दोन लाख परीक्षार्थींत त्याच्याही पुढे किती जण उरले याचा हिशेब चौथीतील मुलगा करील: वीस हजार. आणि जुन्या संस्थांतील जागा त्या मानाने फारच थोड्या. आपल्यातील एका पालकांनी नव्वद पर्सेंटाइलचे पेढे वाटले, आणि पुढे मुलाखतीचे बोलावणे आले नाही म्हणून पोरावर रागावले. मुलाचे काहीच चुकले नव्हते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठी राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा निराळी असते, हेही पालकांनी लक्षात ठेवावे.

आता वर्गाकडे वळतो. तेथे रात्री वाचावयास दहा-वीस पानांची एक केस दिलेली असते. एखाद्या कारखान्याची, दुकानाची वा इस्पितळाची ती हकीकत असते आणि आता निर्णय घेतलाच पाहिजे अशा जागी येऊन ती थांबते. शेवटी उत्तर छापलेले नसते. सकाळी घोड्याच्या नालासारख्या मांडलेल्या बाकांवर साठ-सत्तर विद्यार्थी बसतात, प्रत्येकापुढे नावाची पाटी. प्राध्यापक आत येतात आणि कोणा एकाचे नाव घेऊन म्हणतात, "तुम्ही मालक आहात, सांगा, काय कराल?" बोलण्यास गुण असतात. हार्वर्डला तर कित्येक विषयांत निम्मे गुण वर्गातील बोलण्यावरच दिले जातात.

आमची ही मुलगी पहिले तीन आठवडे एक अक्षर बोलली नाही. मला वाटले, इंग्रजीची अडचण असावी. मराठी माध्यमातील मुलांना ती असतेच, आणि इतर दोघांनी तीच सांगितली. मी तसे विचारले, तेव्हा ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "इंग्रजी सुधारतं हो गुरुजी. पण तुम्ही आम्हांला शिकवलं होतं ना, उत्तर येत असेल तरच हात वर करायचा. तिथं उत्तर कोणालाच येत नसतं, आणि तरी सगळ्यांचे हात वर असतात."

मंडळी, ते वाक्य माझेच आहे. एकोणचाळीस वर्षे मी ते वर्गात उच्चारले. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शिस्त राखावयाची तर त्यावाचून गत्यंतर नव्हते, हे माझे समर्थन. पण हुशार मूल त्याने अधिकच मुके होते हे मला त्या दिवाळीत कळले. आणि दोष शाळेच्याच माथी मारून आपणांस सुटता यावयाचे नाही. आपल्या घरांत दुकानाचा माल, उधारी, भावाचा हिस्सा, सोयरीक, कोणताही विषय निघाला आणि मुलगी मध्ये बोलली की "तुला काय कळतं त्यातलं?" हा प्रश्न ठरलेला. वीस वर्षे असे ऐकलेल्या मुलीस एकाएकी 'तुम्ही मालक आहात' म्हटले तर तिच्या तोंडून शब्द कसा फुटावा?

वस्तुतः हा प्रकार आपल्या धंद्यास परका नाही. तिचे आजोबा मी पाहिले आहेत. गिऱ्हाईक अडीच मीटरचे कापड आणी आणि तीन मीटरचा सदरा मागे. आजोबा कापड फळीवर पसरीत, आडवे-उभे करून पाहत, खडूची एक रेघ ओढीत व पुशीत. पण अखेर कातर चालवावीच लागे, आणि एकदा चाललेली कातर मागे घेता येत नसे. खिसा लहान करावा, की पट्टीला जोड द्यावा, की गिऱ्हाइकास स्पष्ट नाही म्हणावे, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. नातीच्या वर्गात याहून फार निराळे काही चालते असे मला वाटत नाही. भाषा मात्र इंग्रजी आणि कापड दुसऱ्याचे.

हीच गोष्ट मी तिला सांगितली. तिने एक प्रसंग ऐकविला, तो मला फार मोलाचा वाटतो. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डने २०१० साली केस लिहिली आहे, हे आपणांपैकी काहींनी वाचले असेल. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील ही माणसे. १८९० च्या सुमारास सुरू झालेले त्यांचे काम. डब्याच्या झाकणावरील रंग व अक्षरांच्या खुणा. लोकलगाडीच्या वेळेशी बांधलेले त्यांचे पाय. ती केस हिच्या वर्गात चर्चेस आली. हिच्या वडिलांच्या दुकानात आसपासच्या गावचे डबेवाले पांढरे सदरे आणि टोप्या शिवून घेत. लहानपणी त्या टोप्यांना तिने इस्त्री केलेली. तिने प्रथमच स्वतःहून हात वर केला आणि पाच मिनिटे बोलली. गावच्या जत्रेसाठी सगळे मिळून रजा कशी घेतात, नवा माणूस ओळखीतूनच कसा येतो, टोपी नसली तर काय होते, हे सारे तिने सांगितले. वर्ग कौतुकाने ऐकत राहिला.

मग पलीकडच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, "हे सर्व ठीक. पण २०२० नंतर कचेऱ्यांतील माणसे घरून काम करू लागली, फोनवर जेवण मागवू लागली, डबे घटले. तुम्ही त्यांच्या मुकादम असता तर काय केले असते? त्याच माणसांकडून दुसरा माल वाहविला असता, की संख्या कमी केली असती?" हिच्याजवळ उत्तर नव्हते. ती बसली. प्राध्यापक पुढे गेले. खोलीवर आल्यावर तिला रडू आले नाही, राग आला. आणि तो राग त्या मुलाचा नव्हता. "गुरुजी, माझ्याजवळ माहिती होती. त्यांनी निर्णय विचारला," असे ती म्हणाली. त्या तासाला तिला किती गुण मिळाले ते तिला आजतागायत ठाऊक नाही. मात्र त्या दिवसापासून ती रोज बोलू लागली, कधी चुकीचे, कधी बरोबर.

रात्रीच्या जागरणाचे वर्णन मी करीत नाही. सहाही जणांनी ते केले आणि त्यात थोडी बढाई असावी असा मला संशय आहे. परंतु एक गोष्ट आईबापांनी समजून घेतली पाहिजे. तेथे गुण परस्परांच्या तुलनेने दिले जातात. देशभरातील पहिले आलेले सगळे एका वर्गात जमा केल्यावर त्यांतील निम्मे जण निम्म्याखालीच असणार, हे अंकगणित आहे. आयुष्यात कधी दुसरा क्रमांक न पाहिलेले मूल पहिल्या सत्रात पन्नासावे येते आणि घरी सांगत नाही. आई फोनवर "जेवलीस का?" विचारते, ती "हो" म्हणते, आणि फोन संपतो. पहिले सहा महिने मुलांना गुण विचारू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता कोटाविषयी. मुलाखतींस कोट लागतो. तयार कोटाची किंमत ऐकून वडिलांनी तो स्वतः शिवावयाचे ठरविले. त्यांचा हात शाळेच्या गणवेशावर, पॅन्ट-शर्टवर आणि पोलक्यांवर बसलेला. बायकांचा कोट त्यांनी कधी बेतला नव्हता. त्यांनी जुन्या बाजारातून एक कोट आणला, त्याची शिवण उसवली, आत कॅनव्हास व अस्तर कसे बसविले आहे ते पाहिले, आणि तीन रात्री खपून तो पुरा केला. डाव्या बाहीस शेवटपर्यंत थोडा झोळ राहिला. त्याच कोटावर तिने सर्व मुलाखती दिल्या. झोळ कोणाच्या नजरेस आला की नाही, कोण जाणे. वडील मात्र अजून भेटले की आधी त्या बाहीविषयी बोलतात.

नोकऱ्यांच्या बाबतीत वर्तमानपत्रांनी मोठाच घोटाळा करून ठेवला आहे. 'अमुक विद्यार्थ्यास कोटीचे वेतन' असे मथळे येतात, आणि प्रत्येक पालक तो आकडा आपल्या मुलाच्या नावापुढे मांडतो. आपल्या ज्ञातीतील एका मुलाने अशाच एका जाहिरातीवरून खाजगी महाविद्यालयात नाव घातले. संस्थेचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. कर्ज काढून तो शिकला आणि त्यास घरोघर फिरून विम्याची गिऱ्हाइके मिळविण्याची नोकरी लागली. हप्ता आणि खोलीभाडे वजा जाता हातात जे उरते त्यात तो डबा लावून राहतो. मुलगा कष्टाळू आहे. तो वर येईल. पण तो मला म्हणाला, "सर्वांत जास्त पगार किती ते आम्ही विचारलं, मधला किती ते कोणी विचारलंच नाही." मधला म्हणजे काय? वर्गातील मुले उंचीप्रमाणे रांगेत उभी करा. बरोबर मध्यावरील मुलाची जी उंची, ती मधली. एक ताडमाड मुलगा आल्याने सरासरी फुगते, पण मधला जागचा हलत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेस हा मधला आकडा लेखी विचारावा, किती विद्यार्थ्यांस नोकरी लागली ते विचारावे, आणि जाहिरातीतील वार्षिक रकमेपैकी महिन्यास हाती किती पडते तेही विचारावे. जेथे उत्तर टाळले जाते तेथून पेन खिशात घालून परत यावे.

परदेशी गेलेल्या मुलाचा अनुभव थोडक्यात असा की अभ्यास जमला, थंडीही जमली. परंतु रुपयांत विचार करून परदेशी चलनात खर्च करण्याची धास्ती दोन वर्षे गेली नाही.

आता निधीसंबंधी. कॅटचा निकाल डिसेंबर-जानेवारीत लागतो, मुलाखती फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास होतात, प्रवेशाची पत्रे एप्रिल-मेमध्ये येतात, आणि वर्ग जूनमध्ये भरतात. जागा राखण्याची रक्कम त्या पत्रानंतर थोड्याच दिवसांत भरावी लागते. मोठ्या खर्चासाठी बँका आहेत. नावाजलेल्या संस्थांतील विद्यार्थ्यांस बँका कर्ज आनंदाने देतात, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने तारण व जामीनदाराशिवाय शैक्षणिक कर्जाची योजनाही मंजूर केली आहे. प्रवेशानंतर काही संस्था गरज पाहून शिष्यवृत्ती देतात. अडते ते मधल्या चार-सहा आठवड्यांत. आपला निधी त्या वेळी कुलपात असतो आणि डिसेंबरात हार घेऊन येतो.

म्हणून मी कार्यकारी मंडळाकडे एक लेखी सूचना दिली आहे. उच्च शिक्षणासाठी अर्ज एप्रिलपासून घ्यावेत. प्रवेशपत्र पाहून आठ दिवसांत बिनव्याजी उचल द्यावी, आणि बँकेचे कर्ज हाती येताच ती परत घ्यावी. खजिनदारांची शंका अशी की पैसे परत न आले तर काय. शंका योग्य आहे. मीही त्यांच्या जागी तीच काढली असती. त्यासाठी ज्ञातीतील दोन सभासदांची हमी घेण्याचे कलम मी सूचनेत घातले असून पहिल्या उचलीस हमी देणाऱ्यांत माझे नाव लिहिले आहे. माझे निवृत्तिवेतन फार नाही, पण नियमित आहे.

ती मुलगी २०२४ साली उत्तीर्ण झाली व आता नोकरीत आहे. पाटल्या त्याच वर्षी दिवाळीच्या आधी सुटल्या. त्यांवर सराफाचे व्याज किती गेले ते वडिलांनी मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आज तिचा सत्कार करावा असे मंडळाने सुचविले होते. कामामुळे येता येत नाही असे तिने कळविले आहे. मात्र येत्या परीक्षेस बसणाऱ्या मुलांनी रविवारी सकाळी तिला फोन करावा, ती त्यांची मुलाखतीची तयारी करून घेईल, असा निरोप तिने धाडला आहे. तिचा क्रमांक तिच्या अनुमतीने कार्यालयात ठेवला आहे.

माझी सूचना दुपारच्या सत्रात मतास येईल. जेवणे आटोपल्यावर सभासदांनी कृपा करून लगेच घरची वाट न धरता सभागृहात परत यावे.